मागे फिरण्याची विद्या



वसंत ऋतूतल्या अशा प्रसन्न सायंकाळी, मोकळ्या आकाशाखाली बसून विमानांच्या अपघातांविषयी बोलणे काहींना अवेळी वाटेल. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्हीही क्षणभर घुटमळलो. पण हे दिवस यात्रेचे आहेत. येत्या एकदोन महिन्यांत आपल्या गावातील कितीतरी मंडळी केदारनाथला जातील, काही मुक्तिनाथला जातील, आणि त्यांतील बरीचशी लहान विमानात किंवा हेलिकॉप्टरमध्ये बसतील. तेव्हा आजचा विषय आकाशातला दिसला तरी तो आपल्या घरातला आहे.

आम्ही वैमानिक नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. आम्ही उतारू आहो. आणि या विषयाकडे आम्ही वळलो तेही एका उतारूच्या चुकीमुळेच. ती चूक आमची स्वतःची.

काही वर्षांपूर्वी आम्ही दहाबारा यात्रेकरू मुक्तिनाथला निघालो होतो. नेपाळातील पोखऱ्याहून जोमसोमला लहान विमान जाते. तेथून पुढे मुक्तिनाथ. पोखऱ्यास आम्ही दोन दिवस नुसते बसून काढले. सकाळी सामान घेऊन विमानतळावर जावे, ढग पाहावेत आणि दुपारी धर्मशाळेत परत यावे, असा क्रम चालला होता. तिसऱ्या दिवशी विमान उडाले. या विमानात वैमानिकाची जागा आणि उतारूंची जागा यांत फारसा आडपडदा नसतो. पुढे बसलेल्यास समोरची काच दिसते. दहा मिनिटे गेली असतील नसतील, तोच ती काच पांढरी होऊ लागली. विमान एकदम एका बाजूस कलले, डाव्या खिडकीतून रान दिसले, उजव्या खिडकीतून आभाळ, आणि थोड्याच वेळात आम्ही पुन्हा पोखऱ्याच्या धावपट्टीवर उभे होतो!

आमच्या मंडळींत मोठी कुरकुर झाली. कोणी म्हणाले, एवढ्याशा ढगाला भ्यायचे तर विमान चालवावे कशाला? कोणी भरलेल्या पैशांचा हिशेब काढला. आमच्याही तोंडून नको तो शब्द गेला. तो वैमानिक शिडीच्या पायथ्याशी उभा होता. त्याने आमचे बोलणे ऐकले असणार. दरी दिसेना म्हणून परतलो, एवढेच त्याने शांतपणे सांगितले आणि तो निघून गेला. त्याला आम्ही धन्यवाद दिले नाहीत. तो शब्द आज येथे उच्चारावा, हाही या व्याख्यानाचा एक हेतू आहे.

आता ती वाट कशी आहे ते पाहू. पोखरा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, जोमसोम २,७०० मीटरांहून उंच. अंतर म्हणाल तर विमानाला वीसएक मिनिटांचे. पण या वीस मिनिटांत विमान घोरेपानीची खिंड ओलांडून काली गंडकी नदीच्या दरीत शिरते. या दरीच्या एका अंगास ८,०९१ मीटर उंचीची अन्नपूर्णा आणि दुसऱ्या अंगास ८,१६७ मीटर उंचीचा धवलगिरी. जगातील अतिखोल दऱ्यांत हिची गणना होते. लहान विमानाला या पर्वतांच्या माथ्यावरून जाता येत नाही. त्याने दोन भिंतींच्या मधल्या बोळातून जावयाचे.

आणि या बोळाचे हवामान फार लहरी. दिवस वर आला, तिबेटच्या बाजूचे पठार तापले, की दक्षिणेकडची हवा या दरीतून जोराने वर धावू लागते. उशिरा सकाळपासून जोमसोमला वारा असा सुटतो की विमान उतरविणे धोक्याचे होते. म्हणून उड्डाणे सकाळच्या प्रहरी उरकावी लागतात. उलट सकाळी दरीच्या खालच्या भागात ढग साचलेले असतात. लवकर जावे तर ढग, थांबावे तर वारा! या दोहोंच्या मध्ये जी फट सापडेल तिच्यातून विमान काढावयाचे. घाईचे मूळ येथेच आहे. थोडा वेळ थांबू म्हटले तर ती वेळ संपून जाते, आणि मग उतारूंचा आणखी एक दिवस बुडतो.

या वाटेवर २४ फेब्रुवारी २०१६ रोजी एक ट्विन ऑटर विमान डोंगरावर आदळले आणि त्यातील २३ जण ठार झाले. विमान जुनेपुराणे होते असे म्हणावे, तर ते काही महिन्यांपूर्वीच कारखान्यातून आलेले होते. पुढे सहा वर्षांनी, २९ मे २०२२ रोजी, त्याच वाटेवर, त्याच जातीचे दुसरे विमान सकाळी ९ वाजून ५५ मिनिटांनी पोखऱ्याहून निघाले आणि जोमसोमला पोहोचलेच नाही. दुसऱ्या दिवशी मुस्तांग जिल्ह्यातील एका उंच कड्यावर त्याचे अवशेष सापडले. २२ माणसे होती. एकही वाचले नाही. त्यांत चार भारतीय होते, आणि ते आपल्या ठाण्याकडचे होते. ही बातमी वाचली त्या दिवशी आम्हाला पोखऱ्याची ती पांढरी काच आठवली आणि आमचीच आम्हाला लाज वाटली.

या दोन्ही अपघातांची रीतसर चौकशी झाली. दोन्ही अहवालांचा निष्कर्ष पाहिला म्हणजे मन थक्क होते. इंजिन बंद पडले नव्हते, पंख मोडला नव्हता, आग लागली नव्हती. विमान वैमानिकाच्या ताब्यात होते, आणि तशा धडधाकट स्थितीतच ते डोंगरावर जाऊन आदळले. पहिल्या अहवालाने म्हटले की डोळ्यांनी पाहत उडावयाचे असताना वैमानिक पुन्हा पुन्हा ढगात शिरले, नेहमीची वाट सुटली आणि आपण कोठे आहो याचे भान सुटले. दुसऱ्यानेही जवळजवळ तेच म्हटले. शिवाय डोंगर जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र बंद ठेवलेले होते, असेही नमूद केले.

आपण साहजिकच विचाराल की चांगला शिकलेला, त्या वाटेने शेकडो वेळा गेलेला माणूस ढगात शिरून एवढा गोंधळतो तरी कसा? याचे उत्तर आपल्या कानात आहे. देवाने माणसाला तोल सांभाळण्यासाठी प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या दिल्या आहेत. त्यांत द्रव असतो. डोके फिरले की तो द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला वळणे कळते. जमिनीवर ही व्यवस्था उत्तम चालते. पण वळणे फार सावकाश असेल तर ते या नळ्यांना जाणवत नाही. आणि एकसारखे काही सेकंद वळत राहिले तर द्रवही नळीबरोबर फिरू लागतो व वळणाची जाणीवच नाहीशी होते. लहानपणी आपण सर्वांनी गरगर फिरून मग एकदम थांबून पाहिले आहे. थांबल्यावर जग उलटे फिरू लागते. कान त्या वेळी खोटे बोलतो, पण आपण डोळ्यांनी जमीन पाहतो, म्हणून सावरतो. ढगात डोळ्यांना काहीच दिसत नाही; मग खोटे बोलणाऱ्या कानाला साक्षीदारच उरत नाही.

१९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात यावर एक प्रयोग झाला. केवळ यंत्रफलकाकडे पाहून विमान चालविण्याचे शिक्षण ज्यांना नव्हते असे वीस जण घेतले आणि बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत, शिक्षक शेजारी ठेवून, त्यांना विमान चालवावयास दिले. वीसच्या वीस जणांचा विमानावरील ताबा सुटला. एकाचा तर वीस सेकंदांत सुटला. अगदी टिकला तो आठ मिनिटे टिकला. सरासरी निघाली १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटेसुद्धा नाहीत. बहुतेकांचे विमान नकळत एका बाजूस कलले आणि गिरक्या घेत खाली जाऊ लागले; आणि आपण सरळच उडत आहो अशी त्यांची कानाची ग्वाही होती! पण या प्रयोगाचा खरा उद्देश पुढेच होता. ढगात सापडल्यावर हातपाय न गाळता, यंत्राकडे पाहत, अर्धे वर्तुळ काढून आल्या वाटेने बाहेर कसे पडावे, हे या मंडळींना शिकविण्यात आले, आणि ते त्यांना साधले. म्हणजे मागे फिरणे ही केवळ बुद्धी नव्हे. ती शिकावयाची आणि सराव करावयाची विद्या आहे.

कोणी म्हणेल, नेपाळातील वैमानिकांना यंत्रावर उडण्याचे शिक्षण असतेच. खरे आहे. पण यंत्र विमान सरळ आहे की कलले हे सांगते. शेजारची भिंत किती जवळ आली, हे साधे यंत्र सांगत नाही. मोकळ्या मैदानावर ढगात शिरलेले विमान सरळ ठेवले तर ते वाचते. दरीत सरळ ठेवले तरी दरी स्वतःच वळते, तिचे काय करावयाचे?

आणि मागे फिरावयाचे ठरविले तरी फिरावयास जागा लागते. थोडा हिशेब पाहा. विमान ताशी १८५ किलोमीटर वेगाने जात आहे आणि तीस अंश कलून वळत आहे असे धरा. त्या वळणाच्या वर्तुळाचा व्यास सुमारे ९३० मीटर होतो. आता तेच विमान ३,००० मीटर उंचीवर न्या. तेथील हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे एक-चतुर्थांशाने विरळ असते. पंखांना तेवढाच आधार मिळावा म्हणून विमानाला प्रत्यक्षात अधिक वेगाने, ताशी सुमारे २१५ किलोमीटरने, जावे लागते. आणि वर्तुळाचा व्यास सव्वा किलोमीटरच्या पुढे जातो. वैमानिकाच्या डोळ्यांपुढच्या काट्यावर मात्र पूर्वीचाच वेग दिसत असतो. त्यात विरळ हवेने इंजिनाची ताकदही घटते, म्हणून चढून सुटका करून घेणेही अवघड. दरी तर वर जावे तशी अरुंद होत जाते. म्हणजे प्रत्येक दरीत एक जागा अशी असते की तिच्या अलीकडे मागे फिरता येते आणि पलीकडे येत नाही. त्या जागेवर पाटी लावलेली नसते. जाणते वैमानिक म्हणूनच दरीच्या मधोमध न जाता एका अंगाने जातात, की वळावयाची वेळ आली तर सगळी रुंदी हाताशी राहावी. आणि डोंगराची धार ओलांडताना समोरून न भिडता तिरके जातात, की नको वाटले तर थोडक्यात बाजूला सरकता यावे. आपल्या घाटातला जुना गाडीवान उतारावर बैल कसे धरतो ते आठवा. शहाणपण एकच.

आता त्या इशारा देणाऱ्या यंत्राविषयी. डॉन बेटमन नावाच्या अभियंत्याने हयातभर खपून हे यंत्र तयार केले आणि सुधारले. पृथ्वीवरच्या डोंगरांचा नकाशा त्याच्या पोटात असतो. विमान डोंगराच्या रोखाने निघाले की ते ओरडून सांगते. मोठ्या विमानांचे डोंगरावर आदळणे या यंत्राने फार कमी झाले. मग काली गंडकीच्या दरीत ते बंद का ठेवले गेले? कारण त्या दरीत योग्य वाटेने गेले तरी डोंगर इतके जवळ असतात की यंत्र उगीचच ओरडत राहते. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. तिच्यातला लबाड मुलगा येथे नाही. यंत्र प्रामाणिकपणे ओरडते, पण रोजच ओरडते, म्हणून माणूस त्याचे तोंड बंद करतो, आणि लांडगा नेमका त्या दिवशी येतो. २०१६च्या अपघातात तर यंत्राने इशारा दिलाही होता. तरी विमान ढगाबाहेर निघू शकले नाही. तेव्हा नुसते यंत्र बसवून भागत नाही. ज्या प्रदेशात ते वापरावयाचे त्या प्रदेशाला जुळेल असे ते करावे लागते आणि त्याचे ऐकण्याची शिस्त लावावी लागते.

हे सारे दूरच्या नेपाळातले, असे कोणी समजू नये. आपला सह्याद्री हिमालयापुढे बुटका खरा. पण विमान आदळण्यास धवलगिरीच लागतो असे नाही. १२ जुलै १९४९ रोजी, भर पावसात, मुंबईला उतरू पाहणारे एक डच विमान घाटकोपरजवळच्या टेकडीवर आदळले आणि ४५ माणसे गेली. ती टेकडी सातशे फूटसुद्धा उंच नव्हती. ७ जुलै १९६२च्या रात्री एक इटालियन जेट विमान मुंबईकडे येत असता जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. ९४ जण ठार झाले. मुंबई आहे त्यापेक्षा जवळ आली असे समजून ते लवकर खाली उतरू लागले होते. ही विमाने मोठी होती. पण डोंगर विमानाचा लहानमोठेपणा पाहत नाही. ८ डिसेंबर २०२१ रोजी निलगिरीत कुन्नूरजवळ आपले सरसेनापती ज्या हेलिकॉप्टरमध्ये होते ते पडले आणि त्यातील चौदाही जण अखेर गेले. चौकशीने कारण दिले ते हेच: दरीतले हवामान अकस्मात बदलले, हेलिकॉप्टर ढगात शिरले, वैमानिकाचे दिशाभान हरपले. आणि केदारनाथच्या दरीत १८ ऑक्टोबर २०२२ रोजी सात व १५ जून २०२५ रोजी पुन्हा सात माणसे धुक्यात गेली. दुसऱ्या खेपेस एक तान्हे मूलही होते. त्यांतील यात्रेकरू देवदर्शन करून परत येत होते.

मग उपाय काय? पहिला उपाय सरकारांनी आणि कंपन्यांनी करावयाचा. अलास्का हा अमेरिकेचा डोंगराळ, बर्फाळ मुलूख. तेथे लहान विमान म्हणजे आपली एस. टी.च. तेथे १९९९ सालापासून खिंडींतून आणि लहान धावपट्ट्यांवर कॅमेरे बसविले गेले. निघण्यापूर्वी वैमानिक त्या खिंडीचे ताजे चित्र पाहतो. ढग असले तर निघतच नाही. केवढी साधी गोष्ट! पोखऱ्याला ऊन असते आणि जोमसोमलाही ऊन असते, पण मधली खिंड झाकलेली असते; आणि माणसे मरतात ती मधल्या खिंडीत. २०२२च्या अपघातानंतर नेपाळ सरकारनेही नियम कडक केला, की दोन टोकांचे हवामान चांगले असून भागणार नाही, सगळ्या वाटेचे हवे. नियम चांगला आहे. पण मधली वाट पाहणारा डोळाही तेथे पाहिजे.

दुसरा उपाय वैमानिकाचा. कोठून परतावयाचे हे त्याने जमिनीवर असताना ठरवावे. हवेत गेल्यावर मन लबाड होते. आणखी थोडे पाहू, पुढे मोकळे असेल, काल असेच होते आणि आपण गेलोच होतो, असे ते सांगू लागते. काल निभावले हा आजचा पुरावा नव्हे. उलट पुष्कळदा निभावणे हेच घातक ठरते, कारण त्याने भय मरते.

तिसरा उपाय आमचा आणि तुमचा, आणि त्याच्यासाठीच आज आम्ही येथे उभे आहो. वैमानिकाच्या मनावर जे ओझे असते त्यात उतारूंची घाई हा मोठा भाग आहे. आम्ही यात्रेचे दिवस मोजून बांधतो. परतीचे आगगाडीचे तिकीट आधी काढतो. आणि मग ढगांवर रागावतो. विमान रद्द झाले की कचेरीतल्या कारकुनावर ओरडतो. शेजारच्या कंपनीचे विमान गेले, मग तुमचेच का नाही, असे विचारतो. प्रत्येक उतारू आपल्यापुरते बोलतो; पण अशा वीस जणांचे बोलणे साचून वैमानिकाच्या खांद्यावर बसते, आणि ते त्या ढगापेक्षा जड असते. आम्ही स्वतः त्या ओझ्यात आपली भर घातली आहे, म्हणून हे अधिकाराने सांगतो.

आपल्या मराठी मुलखात ‘मोडेन पण वाकणार नाही’ या बाण्याचे फार कौतुक आहे. अन्यायापुढे हा बाणा शोभतो. पण डोंगर काही अन्याय करीत नाही. तो आपल्या जागी उभा आहे. त्याच्यापुढे हा बाणा दाखविणारा मोडतो आणि आपल्याबरोबर वीस घरे मोडतो. आणि ज्या शिवरायांचे आपण नाव घेतो त्यांनी १६६५ साली पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले देऊन माघार घेतली होती, हे आपण का विसरतो? ती माघार घेतली म्हणून पुढचे राज्य झाले.

तेव्हा मंडळी, यंदा जे यात्रेला जाणार असतील त्यांना आमचे तीनच गोष्टींचे सांगणे आहे. येण्याजाण्याच्या दिवसांत दोन दिवस मोकळे ठेवा. ते ढगांचे दिवस म्हणून समजा. विमान वा हेलिकॉप्टर निघणार नाही असे सांगितले तर ‘का?’ असे विचारा, पण ‘का नाही?’ असा हट्ट धरू नका. आणि अर्ध्या वाटेवरून कोणी तुम्हाला सुखरूप परत आणून सोडले, तर खाली उतरल्यावर त्याला नमस्कार करा. दर्शन चुकले असे मानू नका. आमच्या त्या खेपेस चौथ्या दिवशी आकाश निवळले, दुसऱ्या एका वैमानिकाने आम्हाला जोमसोमला नेले आणि मुक्तिनाथाचे दर्शन झाले. पहिला वैमानिक आम्हाला पुन्हा भेटला नाही. त्याचे नाव आम्ही विचारले नव्हते.